हिरव्या पेटीतले गणपती

आमच्या घरात लग्नपत्रिका फेकत नाहीत. ज्याचं लग्न त्याने बायको सोडली, तिने नवरा सोडला, तरी पत्रिका सोडायची नाही. कारण पत्रिकेवर गणपती असतो, आणि गणपती केराच्या डब्यात गेला तर घरावर काय येईल ते सांगता येत नाही, असं आईचं म्हणणं. बरं, छापणारे एका गणपतीवर थांबतील तर शपथ. पाकिटावर एक, वरच्या पानावर सोनेरी दुसरा, आत 'श्री गजानन प्रसन्न' आणि त्याखाली दोन्हीकडच्या कुलदैवतांची रांग. बारशाच्या कार्डावर बाळकृष्ण, वास्तुशांतीच्या कार्डावर पुन्हा गणपती. आमच्या कपाटाच्या वरच्या खणात अख्ख्या भावकीची वीस-पंचवीस वर्षांची लग्नं प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून पडली होती. त्यात माझ्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठाही होता. लग्न दोन वर्षं टिकलं. गठ्ठा मात्र अजून कोरा करकरीत होता.

या पत्रिकांपायी एका भल्या माणसाचं बिऱ्हाड उठलं. मी चार दिवस गप्प बसले नसते तर कदाचित उठलं नसतं, कदाचित तरीही उठलं असतं. मला ते अजून ठरवता आलेलं नाही, म्हणून लिहिते आहे. नावं मात्र कोणाचीच लिहिणार नाही.

आमची बिल्डिंग अंधेरी आणि जोगेश्वरीच्या मधल्या एका गल्लीत आहे. चार मजले, सोळा घरं. बाबा गिरणीत होते, मालवणकडचे, आणि त्यांनी घर घेतलं तेव्हा बिल्डिंगमध्ये दहा-बारा घरं आमच्यासारखीच होती. मग शहर पेटलं. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत आमची माणसं एकेक करून बोरिवलीला आणि मुलुंडला गेली आणि कुठून कुठून जळालेल्या घरांतून उठलेली मुसलमान माणसं इथे आली. बाबा हलले नाहीत. त्यांना धर्मनिरपेक्ष वगैरे म्हणू नका, ते स्वर्गातून खाली येऊन भांडतील. सामान बांधायचा त्यांना कंटाळा होता, आणि वर्सोव्याची कोळीण त्यांना ओळखून ताजी सुरमई काढून ठेवायची. बोरिवलीत कोण ठेवणार? एवढ्यावर आम्ही राहिलो.

त्यामुळे माझं असं झालं आहे की गल्लीच्या तोंडापर्यंत मी अल्पसंख्य असते आणि तिथून रिक्षात बसले की बहुसंख्य होते. दिवसातून दोनदा हा बदल होतो. सवय झाली की काही वाटत नाही.

नातेवाईक विचारतात, "अजून तिथेच? भीती नाही वाटत गं?" मुलुंडचा माझा चुलतभाऊ तर दर गणपतीत विचारतो आणि उत्तर ऐकायच्या आत मोदकाला हात घालतो. मी एकदा खरंच घर बघायला घाटकोपरला गेले होते. तिथल्या सोसायटीतल्या काकांनी पहिला प्रश्न विचारला, मासे खाता का? दुसरा, मिस्टर काय करतात? दोन्ही पेपरांत नापास होऊन मी परत आले, तेव्हा दुसऱ्या मजल्यावरची बाई आमच्या दारात बांगडे घेऊन उभी होती. तिला आईची विळी हवी होती.

तळमजल्यावर गाळ्यात चाचांचा छापखाना होता. मागच्या खोलीत ते एकटे राहायचे. बायको गेलेली, मुलगी लग्न होऊन खाडीपलीकडे. ते लग्नपत्रिका छापायचे. सगळ्यांच्या. त्यांच्याकडे नमुन्यांचे तीन जाड आल्बम होते: एक गणपतीचा, एक चाँद-ताऱ्याचा आणि एक ख्रिश्चनांचा, घंटा आणि कबुतरंवाला. आई त्यांची बिनपगारी एजंट होती. भावकीत कोणाचं लग्न ठरलं की ती आधी चाचांना सांगायची, मग सोनाराकडे जायची.

चाचांना आमच्यातल्या रुसव्याफुगव्यांची आईपेक्षा जास्त समज होती. मजकूर वाचून ते म्हणायचे, "भाभी, मामा का नाम काका के नीचे आ गया है. मामा रूठेंगे." आणि मामा खरंच रुसायच्या बेतात असायचा. माझ्या पत्रिकेचा मजकूर त्यांनी तीनदा बदलायला लावला होता. तेवढी काळजी नवरा निवडताना मी घेतली असती तर बरं झालं असतं.

एका गोष्टीत ते हट्टी होते. पत्रिकेच्या मागच्या बाजूला, अगदी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात ते स्वतःच्या छापखान्याचं नाव टाकायचे. मुलुंडच्या चुलतभावाने बहिणीच्या लग्नात हळूच सुचवलं, की बाकी सगळं झकास आहे चाचा, फक्त मागची ती ओळ काढता आली तर. आमच्याकडची माणसं, तुम्हाला माहीत आहे ना. चाचांनी आल्बम मिटला. "तो कहीं और छपवा लो, बेटा. काम मेरा है तो नाम भी मेरा." भावाने तिथेच छापली. दुसरीकडे एवढ्या कमी दिवसांत कोणी देत नव्हतं.

आम्ही फार मोठ्या मनाचे होतो असं समजू नका. चाचा घरी येऊ लागले तेव्हा पहिली कित्येक वर्षं त्यांचा कप वेगळा होता, निळ्या फुलाचा. तो कपाटात बाजूला उपडा असायचा. त्यांना ते माहीत होतं, कारण त्यांना दरवेळी तोच मिळायचा. कधी बंद झालं ते आठवत नाही. बहुतेक तो कप फुटला तेव्हा.

आता पेटी. आमच्या गेटाबाहेरच्या खांबाला गल्लीतल्या कमिटीने एक लोखंडी पेटी लावली आहे. हिरवी, वर फट, खाली कुलूप, पुढे उर्दूत काहीतरी लिहिलेलं. मी रोज तिच्यासमोरून जायचे आणि मला ती तक्रारपेटी वाटायची. आईला मात्र एकदा वाटलं, विचारावं. गाळ्यासमोर उभी राहून तिने चाचांना विचारलं, ह्यात काय टाकतात?

चाचा म्हणाले, "भाभी, जिस काग़ज़ पर ऊपरवाले का नाम लिखा हो, वो पैरों में न आए, कचरे में न जाए, इसलिए. कमिटीवाले महीने में एक बार ले जाकर पानी में ठंडा कर देते हैं."

आईला केवढा आनंद झाला असेल याची मला कल्पना आहे. तोपर्यंत ती पत्रिकांची एकेक पिशवी वर्सोव्याला नेऊन खाडीत सोडायची. मासे घेऊन यायचे, गणपती सोडून यायचे. पण किनारा साफ करायला येणाऱ्या हातमोजेवाल्या मुलांनी तिला एकदा अडवलं. "आजी, कचरा टाकू नका." आई म्हणाली, "कचरा तुझ्या घरात. तुझ्या आईबापाचं लग्न असेल ह्यात." मुलं हसली, पण पिशवी परत आणावी लागली. पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि वर्सोवा लांब झालं. आणि आता घराखाली, दूध आणायच्या वाटेवर, अगदी हेच काम करणारी पेटी! देवाचं नाव असलेला कागद, पायदळी यायचा नाही, केरात जायचा नाही, शेवटी पाण्यात सोडायचा. आईच्या मनात एवढीशी शंका आली नाही. नियम ऐकला, नियम पाळला. फट अरुंद म्हणून तिने पाकिटं काढून ठेवली, आणि रोज सकाळी दुधाच्या पिशवीबरोबर पाच-दहा पत्रिका नेऊन आत सरकवू लागली. मला सांगितलंही नाही. यात सांगायचं काय?

महिनाअखेरीला कमिटीने पेटी उघडली.

मी ऑफिसात होते. सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. जुन्या फाटक्या अरबी पानांच्या ढिगात सोनेरी गणपतींची रास. खाली पहिल्या मजल्यावरच्या मोबाईल-कव्हरवाल्याचा मजकूर: पाक काग़ज़ों में बुतों की तस्वीरें, ये किसकी हरकत है? हा माणूस पस्तिशीचा, दोन पोरांचा बाप, एरवी लिफ्ट बंद पडली तर आईला खुर्चीत बसवून वर आणणारा. पण मोबाईल हातात आला की त्याच्या अंगात वारं शिरायचं. पाच मिनिटांत दुसरा फोटो: पत्रिकेची मागची बाजू आणि मुंगीएवढ्या अक्षरांभोवती लाल गोल. अर्ध्या तासात निकाल लागला. चाचांनी आपले जुने नमुने मुद्दाम पेटीत टाकले. गुस्ताख़ी केली, म्हणजे पवित्र नावाची विटंबना.

एवढ्या लवकर निकाल कसा लागला ते सांगायला हवं. चाचा अहमदी होते. म्हणजे काय ते मला या प्रकाराच्या वर्षभर आधीपर्यंत माहीत नव्हतं. मुसलमान म्हणजे मुसलमान, एवढीच माझी अक्कल. मग मोबाईल-कव्हरवाल्याला कुठूनसा शोध लागला, की चाचा शुक्रवारी आपल्या मशिदीत येत नाहीत, लांब कुठेतरी त्यांच्या लोकांत जातात. ग्रुपवर पुढे ढकललेले व्हिडिओ यायला लागले आणि बिल्डिंगमधल्या माणसांनी चाचांच्या सलामाला उत्तर देणं बंद केलं. तीस वर्षांचा शेजार.

मी आईला समजावून सांगायचा प्रयत्न केला होता. देव तोच, ग्रंथ तोच, नमाज तशीच. फक्त नंतर आलेल्या एका माणसाला मानायचं की नाही यावरून बाकीचे यांना आपल्यातलं समजत नाहीत.

"एका माणसावरना?" आई म्हणाली. "आमच्याकडे एका फणसावरना चाळीस वर्षां बोलणा नाय." एवढं बोलून ती निवडत असलेल्या भाजीकडे वळली. तिला त्यात नवल वाटण्यासारखं काही दिसलं नाही.

तर त्या संध्याकाळी मी घरी आले आणि गंमत म्हणून, खरंच गंमत म्हणूनच, आईला फोटो दाखवला. तिने चष्मा लावला. फोटो मोठा करून मागितला.

"ही माझ्या भाचीची पत्रिका," ती म्हणाली. "आणि ही वसईवाल्यांची. त्यांनी जेवणात श्रीखंड संपवलं होतं."

"आई, तुला कसं कळलं?"

"कळायला काय झालं, मीच टाकली ना."

मी दार लावून घेतलं, खिडकी लावली, पंखा मोठा केला. आई विचारत राहिली, काय चुकलं, चाचांनीच तर सांगितलं होतं, देवाचं नाव. मी म्हणाले, त्यांच्या देवाचं नाव, आई. ती म्हणाली, मग तसं बोलायचं होतं.

गुन्हा तिने असा केला होता, की एकाच पेटीत दोन धर्मांच्या भावना एकदम दुखावल्या. पवित्र पानांत मूर्ती आल्या म्हणून हे चिडणार, आणि गणपती त्या पेटीत गेला म्हणून मुलुंडचा भाऊ झेंडे घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभा राहणार. ज्या बाईला गुडघ्यांमुळे लिफ्टशिवाय चार जिने उतरवत नाहीत, तिने हे साधलं होतं. बिल्डिंगमध्ये हिंदू घर एकच, तरी आमच्यावर कोणी संशय घेतला नव्हता. ग्रुपवर कोणीतरी हळूच सुचवलंही, कहीं आंटी ने तो नहीं? लगेच चार जण तुटून पडले, आंटी का नाम मत लो. त्यात आईवरचं प्रेम होतंच. पण आंटीला हात लावला तर पोलीस येतील, टीव्हीवाले येतील, आणि मग कोणाचं घर राहणार नाही, हेही होतं. चाचांना हात लावला तर कोणीच येणार नव्हतं.

आई लगेच खाली निघाली होती. मी तिला माझी शपथ घातली. म्हणाले, आत्ता वातावरण तापलंय, दोन दिवसांत आपोआप थंड होईल. रविवारी मीटिंग आहे, बघू. मी तेव्हा बरंच काही बोलले. त्याचा अर्थ एवढाच होता की मी घाबरले होते. मला आईचं आणि माझं घर वाचवायचं होतं, आणि त्यासाठी चाचा गेले तरी चालणार होतं. ते मी स्वतःशीही त्या शब्दांत बोलले नव्हते. आता बोलते, आणि लाज वाटते.

ते चार दिवस असे गेले. चाचांच्या शटरवर कागद चिकटला, यहाँ कोई कार्ड न छपवाए. गिऱ्हाइकांना गल्लीच्या तोंडावरून परत पाठवायला लागले. आल्बम 'चौकशीसाठी' नेले, तिन्ही, कबुतरांसकट. मोबाईल-कव्हरवाल्याने धार्मिक भावना दुखावल्याची पोलीस तक्रार लिहून तयार ठेवली; रविवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांच्या सह्या झाल्या की ती चौकीत जाणार होती. सत्तरीच्या माणसाला कोठडीत बसवायची तयारी. मी सकाळी ऑफिसला जाताना गाळ्यासमोरून मान खाली घालून जात होते. चाचा आत बसून कोऱ्या कागदांच्या कडा सरळ करत असायचे.

शनिवारी आई दूध घेऊन परत आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली. दुधाच्या गाडीपाशी तिला चाचा भेटले होते. त्यांच्या आजूबाजूला कोणी उभं नव्हतं, तर ही जाऊन उभी राहिली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणाले, भाभी, घुटना कैसा है. मी म्हटलं, बरा आहे." आईने दुधाची पिशवी मांडीवर धरून ठेवली होती. "मग हळूच म्हणाले, अब पेटी में कुछ मत डालना."

मी पिशवी तिच्या मांडीवरून उचलून ओट्यावर ठेवली.

"त्याका ठावक आसा," आई म्हणाली. "पयल्या दिवसापासना. आणि तू माका शपथ घालतंस!" तिने मला त्यानंतर जे काही सुनावलं ते मालवणीत होतं आणि ते लिहिण्यासारखं नाही.

रविवारी सकाळी कंपाउंडमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. मध्ये टेबल, टेबलावर पुराव्याची पिशवी. एका बाजूला चाचा एकटे, त्यांच्या दोन्हीकडच्या खुर्च्या रिकाम्या. सोसायटीचे सेक्रेटरी एसी दुरुस्तीवाले, सौम्य माणूस, कोणाचं वाईट करणार नाही आणि कोणी करत असेल तर अडवणारही नाही. त्यांनी सुरुवात केली तोच आई काठी टेकत आली आणि चाचांच्या शेजारच्या खुर्चीत बसली. मी मागे उभी राहिले.

"सेक्रेटरीसाब, वो पिशवी इधर दो."

"आंटी, आप क्यों तकलीफ़..."

"दो ना!"

त्यांनी पिशवी दिली. तेव्हा मला एक गोष्ट लक्षात आली. चार दिवस त्या पत्रिकांवरून एवढा गदारोळ चालला होता, पण त्यातली एकही कोणी उघडून पाहिली नव्हती. चित्रं होती, शिवायची कोणी? वरून फोटो काढला, मागून फोटो काढला, झालं. आईने पिशवीत हात घालून चाचपत एक पत्रिका ओढली, चष्मा लावला, आणि शाळेत कविता म्हणतात तशी खड्या आवाजात वाचायला लागली.

"आमचे येथे श्री कृपेकरून, आमची ज्येष्ठ कन्या..." आणि माझं नाव. मग बाबांचं नाव. मग ज्याचं नाव मी अकरा वर्षं घेतलेलं नाही त्याचं नाव, शिक्षणासकट. मग निमंत्रक, मामा काकांच्या वर, आणि शेवटी आमचा पत्ता: बिल्डिंग, मजला, खोली नंबर.

"ये मेरी लड़की के लगीन की पत्रिका," आई म्हणाली. "वो बघा पीछे खड़ी है, मुंडी खाली करून. लगीन मोडलं. पण गणपती टाकायचा कुठे? पेटी में मैंने डाला. सब मैंने. दूध लाने जाती थी तब. इसमें चाचा का क्या है? उसने खाली छापा. तुम्हारे सब के भी उसी ने छापे हैं."

मला वाटलं, आता आपलं बिऱ्हाड उठलं.

आणि मग जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. मोबाईल-कव्हरवाला उठला, पुढे आला आणि आईच्या खुर्चीपाशी उकिडवा बसला. "अरे आंटी! पहले बोलना था ना! आपने कोई जानबूझ के थोड़ी किया. आप तो माँ जैसी हो." त्याचे डोळे खरंच ओले होते. त्याची आई आजारी होती तेव्हा माझी आई तिच्या उशाशी बसायची, ते त्याच्या लक्षात होतं. सेक्रेटरी म्हणाले, ग़लती इंसान से ही होती है. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईने आईला मिठी मारली. कोणीतरी चहा सांगितला, कोणीतरी तक्रारीचा कागद फाडला. दोन मिनिटांत मामला संपला. चार दिवस मी ज्याला घाबरून खिडक्या लावून बसले होते, ते सगळं चहावर आलं.

चहाचा पहिला कप आईला दिला. तिने एक घोट घेतला. मग तिने शेजारी पाहिलं. सगळ्यांच्या हातांत कप होते, चाचांच्या हातांत नव्हता.

"आणि ह्यांचं?" आईने विचारलं.

मोबाईल-कव्हरवाला उठून आपल्या खुर्चीकडे गेला.

"आता तो मालूम पड़ा ना, उसने नहीं डाला? तो उसके आल्बम वापस दो. दुकान का काग़ज़ निकालो."

सेक्रेटरी आपल्या चपलांकडे बघत म्हणाले, "आंटी, उनका मामला अलग है."

"काय अलग? मामला पेटी का था ना?"

"आप नहीं समझेंगी, आंटी," मोबाईल-कव्हरवाला म्हणाला, अगदी मऊ आवाजात. "ये हमारे अंदर की बात है."

आईच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा हार दिसली. तिने गुन्हा कबूल केला होता, आणि तो कोणी तिच्याकडून घेतही नव्हतं. तिने हातातला कप, आपला उष्टा, चाचांपुढे धरला. निळ्या फुलांच्या त्या कपाची मला आठवण झाली, आणि तिलाही झाली असणार. चाचांनी कप घेतला. "शुक्रिया, भाभी," म्हणाले, आणि सगळ्यांसमोर, घाई न करता, तो शेवटपर्यंत प्यायले. मग रिकामा कप खुर्चीखाली ठेवून आत गेले.

पोलीस तक्रार झाली नाही, एवढं आईने मिळवलं. गाळा भाड्याचा होता. अकरा महिन्यांचा करार संपला तेव्हा मालकाने नवा केला नाही. त्याने कारण सांगितलं नाही आणि चाचांनी विचारलं नाही.

टेम्पो सकाळी आला. मशीन आधीच विकलं होतं, त्यामुळे सामान थोडं. आल्बम तेवढे परत आले नव्हते. मी ऑफिसला उशिरा जाणार म्हणून कळवलं आणि खाली गेले, कारण मला एक विचारायचं होतं.

"चाचा, तुम्हाला माहीत होतं. मग सांगितलं का नाही?"

ते दोरी बांधत होते. "मैं बोलता तो क्या होता, बेटा? बोलते, अपना गुनाह हिंदू औरत पे डाल रहा है. और बाहर के लोग अलग आते." गाठ नीट बसली आहे ना ते त्यांनी ओढून पाहिलं. "भाभी को तो माफ़ कर ही देते. वो मुझे मालूम था."

मी माफी मागितली. चार दिवसांची. ते म्हणाले, "छोड़ो ना," आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसले.

पेटीवर आता मराठीतही लिहिलं आहे, खाली, पांढऱ्या रंगात: फक्त उर्दू-अरबी. ते आईसाठी आहे. दर गणपतीत सेक्रेटरी स्वतः येऊन आईच्या पत्रिका घेऊन जातात आणि पालिकेच्या निर्माल्य कलशात टाकून येतात, आणि टाकल्याचा फोटो पाठवतात. मोबाईल-कव्हरवाला आईला अजून खुर्चीत बसवून वर आणतो. आमच्यावर सगळ्यांचा इतका जीव आहे की काही बोलता येत नाही. मी त्यांच्याशी हसते, बोलते, विळी देते. गाळ्यात आता मोबाईल-कव्हरं मिळतात.

गेल्या महिन्यात मावशीच्या नातीचं लग्न ठरलं. आईने जाहीर केलं, पत्रिका चाचाच छापणार. मी नंबर शोधून फोन केला. ते खाडीपलीकडे मुलीच्या घरी एका खोलीत संगणकावर मजकूर बसवतात आणि बाहेरून छापून आणतात. मजकूर वाचून दाखवला तेव्हा त्यांनी लगेच विचारलं, "मामा का नाम कहाँ है?" मला फार बरं वाटलं.

आठ दिवसांनी पार्सल आलं. सुंदर काम होतं, सोनेरी गणपती, मामा काकांच्या वर. आईने एक पत्रिका उचलली, वाचली, आणि सवयीने उलटी केली. मागची बाजू कोरी होती. तिने बोट फिरवून पाहिलं. मला म्हणाली, बघ गो, माका दिसणा नाय. मी पाहिलं. तळाशी काहीच नव्हतं.

मी चाचांना फोन लावला. "चाचा, मागे नाव राहिलं."

"रह नहीं गया, बेटा," ते म्हणाले. "अब नहीं डालता."

मी आईला सांगितलं. तिने ऐकलं, मान हलवली, आणि गठ्ठा पुढ्यात ओढला. मग एकेक पत्रिका उलटी करून चष्म्याजवळ नेऊन बघायला लागली. एखाद्या तरी पत्रिकेवर चुकून राहिलं असेल, असं तिला वाटत होतं. दोनशे पत्रिका होत्या. तिने सगळ्या पाहिल्या.